पायपेटी ते टॅब : झाडीपट्टीच्या मंडपातला ‘चांगला आवाज’



पत्रिकेवर ‘इतिहास’ छापलंय आणि विषय मात्र टॅबवरच्या सिंथेसायझर अ‍ॅपचा, म्हणून काही जणांच्या कपाळावर आठ्या आल्या असतील. पण हंगाम जवळ आला की हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. गावातली नाट्यमंडळं विचारतात, भजनी मंडळातली पोरं विचारतात. टॅब घेतला आहे, आता पेटीचा, ऑर्गनचा सगळ्यात चांगला आवाज कोणत्या अ‍ॅपमध्ये मिळेल? एक नाव सांगून मोकळं होता येईल. आम्ही तसं करत नाही. कारण हाच प्रश्न या मुलखानं याआधी पेटीच्या वेळी, पायपेटीच्या वेळी आणि कॅसिओच्या वेळी सोडवलेला आहे, आणि प्रत्येक वेळी उत्तर दुकानात नाही, मंडपात ठरलं आहे. ते कसं ठरलं, ते आज बघू. मग अ‍ॅपकडे येऊ.

झाडीपट्टी म्हणजे काय हे इथं सांगायची गरज नाही, पण हे व्याख्यान बाहेरचे लोकही वाचतील म्हणून थोडक्यात सांगतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा पूर्व विदर्भातला पट्टा. गोंदिया तर १ मे १९९९ पर्यंत आपल्याच भंडारा जिल्ह्यात होतं. धान कापून झालं की भाऊबीजेपासून मंडई भरायला लागते, मग शंकरपट, आणि पटाच्या रात्री नाटक. रात्री दहाच्या आसपास पडदा वर जातो आणि पहाटे कोंबडा आरवेपर्यंत खेळ चालतो. होळीपर्यंत हा हंगाम. नाटक कंपन्यांचं मोठं ठाणं वडसा, म्हणजे देसाईगंज. ते गडचिरोली जिल्ह्यात येतं, पण आपल्या लाखांदूर-साकोलीकडच्या गावांना ते परकं नाही. या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठं मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांना झाडीपट्टी नकाशावर शोधावी लागली. साकोलीकडचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीसाठी आणि दंडारीसारख्या इथल्या लोककलांसाठी उभा जन्म काम केलं. ज्यांना मुळापासून वाचायचं आहे त्यांनी त्यांच्याकडून सुरुवात करावी.

आता आवाजाकडे येऊ. दंडार आणि खडी गंमत या आपल्या जुन्या प्रकारांत पट्ट्यांचं वाद्यच नव्हतं. ढोलकी, टाळ, तुणतुणं आणि गळा. गाणारा जिथून उचलेल तिथं सा. पेटी आली आणि सा बाहेरून मिळायला लागला. हा मोठा बदल आहे, आपण तो फार हलक्यात घेतो.

पेटी मुळात फ्रान्सची. अलेक्झांद्र दबँ या कारागिरानं पॅरिसमध्ये १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ती पायानं भाता मारायची, टेबलाएवढी पेटी होती. मिशनरी आणि साहेब लोकांबरोबर ती इथं आली. जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्यांसाठी तिला हाताचा भाता लावून आटोपशीर करण्याचं काम कलकत्त्यात झालं, त्यात द्वारकानाथ घोष यांच्या द्वारकिन कंपनीचं नाव घेतलं जातं. आतली जीभ, म्हणजे रीड, पितळेची. भंडाऱ्याला पितळेचं गाव म्हणतात, इथल्या ठोक्यांनी गुंड-घागरी घडवल्या, पण पेटीच्या जिभा आल्या त्या गुजरातेतल्या पालिताण्याहून. असो.

महाराष्ट्रात पेटी घरोघर गेली ती नाटकामुळे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा प्रयोग पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाला आणि संगीत नाटकाचा जमाना सुरू झाला. १९११ च्या ‘मानापमान’ला चाली दिल्या गोविंदराव टेंबे यांनी, आणि ते स्वतः नावाजलेले पेटीवादक. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. तिच्या साथीला पुढं अहमदजान थिरकवांचा तबला, कादरबक्षांची सारंगी आणि ऑर्गन. हा ऑर्गन म्हणजे पायपेटी. भाता पायाकडे गेला म्हणून दोन्ही हात मोकळे झाले, आत जिभांचे एकाहून जास्त संच बसले. झाडीपट्टीत आपण ज्याला ऑर्गन म्हणतो तो हाच. पुण्या-मुंबईत संगीत नाटक ओसरलं तशी तिथली पायपेटी कोपऱ्यात गेली, इथं मात्र ती मंडपासमोरच्या खड्ड्यात बसून राहिली.

का राहिली? मायेपोटी राहिली असं म्हणणं सोपं आहे. आमच्या मते कारण आवाजाच्या शास्त्रात आहे.

पुरुष गायकाचा सा साधारण काळी एकचा धरा. तो सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा स्वर आहे. आपल्या मंडपातले भोंगे मात्र तीनशे-चारशेच्या खालचं फारसं काही बाहेर सोडत नाहीत. म्हणजे मूळ सा भोंग्यातून येतच नाही! तरी शेवटच्या रांगेतल्या, शेकोटीजवळ घोंगडी पांघरून बसलेल्या माणसाला सा ऐकू येतो. कसा? कारण पितळेच्या जिभेच्या स्वरात मूळ कंपनाची दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशी वरची कंपनं भरपूर असतात. ती भोंग्यातून जातात आणि आपला कान त्यांच्यावरून खालचा सा स्वतः उभा करतो. बासरीसारखा मऊ, गुळगुळीत आवाज याच भोंग्यात विरून जातो. पायपेटीचा आवाज जवळून ऐकला तर खरखरीत, काहीसा नाकातला. लांबून तोच कामाचा. मंडपानं ही निवड केली, कोणा समितीनं नाही.

याउलट समितीनं केलेली निवड बघा. १९४० मध्ये आकाशवाणीनं हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशकं चालली. आक्षेप तीन होते : वाद्य परदेशी, त्यातून मींड निघत नाही, आणि त्याचे सूर आपल्या सुरांशी जुळत नाहीत. पहिला आक्षेप सोडून द्या, बटाटाही परदेशी आहे. उरलेले दोन मात्र खरे आहेत, आणि टॅबवर आज तेच दोन प्रश्न पुन्हा समोर येतात, म्हणून नीट समजून घेऊ.

पेटीच्या सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप जो गांधार ऐकू येतो तो असा समान वाटणीचा नसतो. पट्टीवरचा शुद्ध गांधार त्याच्यापेक्षा १४ सेंट चढा असतो. सेंट म्हणजे एका पट्टीपासून लगेच पुढच्या पट्टीपर्यंतच्या अंतराचा शंभरावा भाग. पंचम जवळजवळ बरोबर, दोनच सेंटचा फरक. धैवत १६ सेंट चढा. ऐकायला हा फरक क्षुल्लक वाटतो ना? मग काळी एकच्या सा वर गांधार धरून ठेवा. सा ची पाचपट आणि गांधाराची चौपट कंपनं एकमेकांवर आदळतात आणि सेकंदाला पाच-साडेपाच थरथरी ऐकू येतात. तीच थरथर गवयाला टोचते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी असलेले क्लेमेंट्स साहेब यांनी शंभर वर्षांपूर्वी श्रुतींची पेटी बनवून घेतली ती यासाठीच. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी केली. हे लोक खुळे नव्हते.

तरी झाडीपट्टीनं बारा सुरांची पेटीच ठेवली. आपल्या बोलीत ण नाही, ळ नाही, पण म्हणून कोणाचं भांडण अडलंय का? जाणता ऑर्गनवाला गांधारावर दाबून बसत नाही. गायक तिथं थांबला की तो बोट उचलतो, सा-पवर जातो, आणि गळ्याला जागा देतो. सूर पेटीचा नव्हे, गळ्याचा ऐकू येतो. ही अक्कल वाद्यात नाही, माणसात आहे. एवढं लक्षात ठेवा, पुढं लागेल.

विजेच्या पेटीचा इतिहास आपण समजतो त्याहून जुना आहे. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातली बीन आठवा. ती बीन नव्हतीच. क्लेव्हिओलाइन नावाचं विजेवर चालणारं छोटं पट्ट्यांचं वाद्य होतं, फ्रान्समध्ये १९४७ मध्ये निघालेलं, आणि ते वाजवलं होतं कल्याणजींनी, पुढं आनंदजींबरोबर जोडी जमवलेल्या त्याच कल्याणजींनी. सबंध देशानं ती बीन म्हणून मान्य केली. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांचा सिंथेसायझर १९६४ मध्ये आला आणि १९६९ मध्ये त्यांचं एक यंत्र अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत पोचलंसुद्धा. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये सिंथेसायझरवर दहा राग वाजवून तबकडी काढली. तिच्याकडे तेव्हा कोणी ढुंकून पाहिलं नाही, आज जगभर ती शोधतात.

आपल्याकडे मात्र सिंथेसायझर आला तो ‘कॅसिओ’ या नावानं. कंपनी कोणतीही असो, पट्ट्यांचा विजेचा बाजा म्हणजे कॅसिओ. तो हलका, टेम्पोत कुठंही बसतो. उंदीर त्याचा भाता कुरतडत नाहीत, दवानं त्याच्या जिभा उतरत नाहीत. बटण दाबलं की पट्टी बदलते, काळी एकचा गायक गेला आणि काळी चारची गायिका आली तरी बोटं तीच. ऑक्टोपॅड आला, हिंदी गाण्यांचे तुकडे आले. पण गंभीर प्रवेशाला आणि नाट्यपदाला जुने जाणकार ऑर्गनच मागायचे. त्यांना हट्टी म्हणत. तो हट्ट भोंग्याच्या हिशेबानं बरोबर होता, हे आत्ता आपण पाहिलंच.

१९८३ साली मात्र एक गोष्ट घडली. त्याच वर्षी यामाहाचा डीएक्स-सेव्हन आला, तो गाजला. पण आपल्या दृष्टीनं मोठी गोष्ट होती ‘मिडी’. एका कंपनीच्या पट्ट्या दुसऱ्या कंपनीच्या आवाजाला जोडायची, सगळ्यांनी मान्य केलेली भाषा. चाळीस वर्षं झाली, ती अजून चालते. म्हणून तुमच्या मंडळाचा जुना कीबोर्ड भंगारात देऊ नका. मागं मिडीचं भोक असेल तर त्याच्या पट्ट्या टॅबमधला आवाज वाजवू शकतात. आणि ते लागणारच आहे. पहिल्या आयपॅडचा पडदा लांबीला जेमतेम वीस सेंटिमीटर होता आणि पेटीच्या एका सप्तकाला साडेसोळा लागतात. काचेवर नाट्यपद वाजवू म्हणणाऱ्याला एकच सप्तक मिळतं.

आयपॅड भारतात विकायला आला जानेवारी २०११ मध्ये. त्याच वर्षी गॅरेजबँड आणि मूगचं अ‍ॅनिमूग ही अ‍ॅप आली, कॉर्गनं त्याच्या आधीच आपला एक जुना सिंथेसायझर अ‍ॅपमध्ये उतरवला होता. मार्च २०२० मध्ये सगळे घरात कोंडले गेले तेव्हा मूगनं मिनिमूगचं अ‍ॅप आणि कॉर्गनं आपलं एक अ‍ॅप काही दिवस फुकट वाटलं. इथल्याही काही पोरांच्या टॅबमध्ये ती तेव्हा शिरली.

आता निवड. पहिला खड्डा नावाचा. अ‍ॅपमध्ये ‘ऑर्गन’ लिहिलेलं असतं तो आपला ऑर्गन नव्हे. गॅरेजबँडमधला ऑर्गन हा हॅमंडच्या घराण्यातला आहे. हॅमंड म्हणजे १९३५ मध्ये निघालेलं, विजेच्या चाकांवर चालणारं अमेरिकन वाद्य. त्यात जीभ नाही, भाता नाही. घरी कानात हेडफोन घालून ऐकलं तर फार गोड, भोंग्यात घातलं की बसतं. दुसरा ‘ऑर्गन’ मोठ्या चर्चमधला, नळ्यांचा. आपल्याला हवा आहे रीड ऑर्गन किंवा हार्मोनियम. नुसतं ऑर्गन शोधून पहिला येईल तो विकत घेतलेल्यांचे पैसे असेच गेलेत.

दुसरी गोष्ट, हे आवाज दोन तऱ्हांनी बनतात. एक, खऱ्या पेटीची एकेक पट्टी ध्वनिमुद्रित करून ठेवलेली. दुसरी, गणितानं जागच्या जागी घडवलेला आवाज. ध्वनिमुद्रित आवाज तपासायचा तर एक स्वर वीस सेकंद दाबून धरा. ठरावीक वेळानं तोच हेलकावा परत परत आला तर समजा, छोटा तुकडा फिरवत ठेवलाय. मोठ्या आलापाच्या मागं तो लगेच उघडा पडतो. गणितानं घडवलेल्या आवाजाची गंमत वेगळी : तिथं मींड निघते. जिओश्रेडसारख्या अ‍ॅपमध्ये बोट काचेवर सरकवलं की सूर सरकतो, अ‍ॅनिमूगमध्येही पट्टीवर बोट हलवून आवाज वळवता येतो. आकाशवाणीचा दुसरा आक्षेप इथं निकालात निघाला. पण हे साथीचं वाद्य होत नाही, एकल वाजवायला उत्तम. ‘नागिन’ची बीन हवी तिथं मिनिमूगचं अ‍ॅप काढा, तिथं ते चपखल बसतं.

तिसरी गोष्ट सुरांची, आणि इथं आम्ही जरा अडून बसतो. अ‍ॅपमध्ये सूर बारीक हलवता आला पाहिजे. मंडळाचा जुना ऑर्गन ४४० च्या मापात असेलच असं नाही, टॅब त्याच्याशी जुळवावा लागतो. त्याहून चांगलं म्हणजे प्रत्येक स्वर वेगळा लावता यावा, गांधार १४ सेंट उतरवता यावा. ही सोय असेल तर एक तपासा : पट्टी बदलली की ही मांडणी नव्या सा बरोबर सरकते का? काळी एकसाठी लावलेला गांधार काळी चारच्या सप्तकात तसाच जागेवर राहिला तर भलताच सूर उतरलेला मिळेल, आणि बाई तुमच्याकडे रागानं बघतील. तपासताना शेजारी तंबोरा चालू ठेवा. आयतबला प्रोसारखं तंबोऱ्याचं अ‍ॅप त्याला पुरतं, आणि आमच्या मते गावातल्या मंडळानं टॅबवर पहिला पैसा खर्चायचा तर सिंथेसायझरवर नाही, या तंबोऱ्यावर खर्चावा.

चौथी गोष्ट उशिराची. पट्टी दाबली आणि आवाज आला, यातलं अंतर. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. दहा मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे वादक साडेतीन मीटर लांब बसल्यासारखं, चालतं. शंभरचा उशीर म्हणजे तो ३४ मीटरवर, मंडपाच्या पार बाहेर, आणि तबलजी मात्र तुमच्या मांडीला मांडी लावून. लय तुटणारच. जुन्या अ‍ॅण्ड्रॉइड टॅबमध्ये हा रोग फार होता, २०१७ नंतर बराच सुधारला, तरी स्वस्त टॅब घेताना दुकानातच वाजवून बघा. आणि ब्लूटूथचा स्पीकर कधीही लावू नका, वायर लावा. चांगल्यातलं चांगलं अ‍ॅप ब्लूटूथनं मातीत जातं.

शेवटी जे मनात आहे ते बोलतो. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं पट बंद झाले, ते परत सुरू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला. मधे करोना. पट नाही तर पटाच्या रात्रीचं नाटक अडचणीत, आणि खर्च कापायची वेळ आली की हात पहिल्यांदा वादकांच्या बिदागीकडे जातो. टॅब आला तसा ‘ट्रॅक’ही आला : गाणं आधीच भरून ठेवायचं आणि वर गायचं. ऑर्गनवाला नको, तबलजी नको. आम्ही टॅबच्या विरोधात नाही, नाहीतर एवढं बोललो नसतो. पण ट्रॅकला वन्समोअर कळत नाही. नटाचा गळा पहाटे तीन वाजता अर्धी पट्टी खाली बसला, तर ट्रॅक खाली येत नाही. विनोदी नटानं लोकांचा हशा बघून एक ओळ चार वेळा घेतली, तर ट्रॅक पुढं निघून जातो. मघाशी म्हटलं ना, ऑर्गनवाला गांधारावरून बोट उचलतो. ते बोट टॅबवरही उचलता येतं, पण त्यासाठी टॅबसमोर तो बसलेला हवा.

म्हणून जी मंडळं विचारतात त्यांना आम्ही सांगतो, अ‍ॅप निवडायला तुमच्या ऑर्गनमास्तरांना बोलवा, पोरांनी फक्त टॅब धरावा. हेडफोन घरी ठेवा. रिकाम्या मैदानात एक भोंगा लावा, मास्तरांना वाजवू द्या, एकानं गावं, आणि बाकीच्यांनी पार शेवटच्या रांगेच्या जागी जाऊन उभं राहावं. मास्तरांना दोन-तीन अ‍ॅप पाळीपाळीनं वाजवू द्या, नावं सांगू नका. गाणाऱ्याला विचारा कशावर गायला सोपं गेलं, आणि मागं उभे असलेल्यांना विचारा शब्द कशात ऐकू आले. दोघांचं उत्तर एक आलं तर ते घ्या. वेगळं आलं तर गाणाऱ्याचं ऐका.

आता प्रश्न घेऊ. मागून कोणीतरी मघापासून हात वर केलाय, त्यांना माइक द्या.